टेबलाजवळची गादी

बाबांना जमिनीवर झोपवलेलं पाहिलं आणि तिच्या डोक्यात तिडीकच गेली. चाळीस वर्षं सरकारी कचेरीत लिफ्ट चालवलेला माणूस, खालच्यांना वर नेण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला फरशीवर बोटभर जाडीची गादी टाकून दिलेली. तीही कुठे, तर वॉर्डाच्या तोंडाशी, सिस्टरच्या टेबलाला चिकटून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायांत. वॉर्ड साठ खाटांचा, पेशंट एकशे सात. आता एवढ्या गर्दीत कुणी ना कुणी खाली झोपणारच, हे काय तिला कळत नव्हतं? पण दुपारी तिच्या डोळ्यांदेखत आतली एक खाट रिकामी झाली, आणि सिस्टरने ती बाबांना न देता पाय मोडलेल्या एका धडधाकट तरुणाला दिली.

ती तरातरा सिस्टरकडे गेली. सिस्टर एकाच्या दंडात शीर शोधत होती. मान वर न करता म्हणाली, "काका आहेत तिथेच राहतील."

बस डेपोत तिकीट खिडकीवर बसून तिची बारा वर्षं गेली होती. रांग म्हणजे काय आणि वशिला म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. खाट वशिल्याने गेली, असं तिने मनाशी पक्कं करून टाकलं. मग फोन काढला, बाबांचा फोटो घेतला आणि डेपोवर बातम्यांसाठी चकरा मारणाऱ्या एका पत्रकाराला पाठवून दिला.

मतदानाला अकरा दिवस राहिले होते. दुसऱ्या दिवशी बाबा पहिल्या पानावर. तिसऱ्या दिवशी विरोधकांच्या फलकावर, चौकात, दोन माणसांच्या उंचीचे, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. आरोग्यमंत्री म्हणाले, फोटो तीन वर्षांपूर्वीचा आहे. झालं, टीव्हीवर चर्चा सुरू. चौघं एकाच वेळी बोलत होते आणि पाचवा त्यांना गप्प करायला चौघांहून मोठ्याने ओरडत होता. तिने आवाज बारीक केला आणि आईला म्हणाली, "बघ, आता कशी सुतासारखी सरळ येतात." खरं सांगायचं तर तिला बरं वाटत होतं.

आणि आलेही सरळ. मंत्र्यांनी वॉर्डासाठी सहा नर्स जाहीर केल्या. वरून हुकूम आला, मतदान होईपर्यंत जमिनीवर एकही पेशंट दिसता कामा नये. व्यायामोपचाराचा हॉल रिकामा करून तिथे कोऱ्या खाटा मांडल्या, काहींचं तर प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. बाबांना खिडकीजवळची खाट मिळाली, पांढरीशुभ्र चादर मिळाली. कॅमेरे येणार म्हणून नातेवाइकांना मात्र आत फक्त चार ते सहा. तिने तेही आनंदाने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला ती आत शिरली. बाबा स्वस्थ झोपले होते. मास्क हनुवटीखाली घसरलेला, आणि ओठ निळे. तिने मास्क वर ओढला, हाक मारली, गदागदा हलवलं. चाळीस खाटांना एक नर्स, तीही पार पलीकडच्या टोकाला. नर्स धावत येईपर्यंत तिने मास्क दोन्ही हातांनी दाबून धरला. बाबांनी डोळे उघडले, पाणी मागितलं. अजून दहा मिनिटं गेली असती तर काही खरं नव्हतं, असं नर्स तोंडावर म्हणाली.

ती तशीच जुन्या वॉर्डात गेली. सिस्टर टेबलाशी गोळ्या वाटत होती.

"तुमचे बाबा झोपेत मास्क काढून टाकतात," सिस्टर म्हणाली. "दिवसातून वीसदा. मी इथे बसल्या बसल्या हात लांबवून तो परत लावत होते. माझ्या टेबलाशेजारी खाट मावत नाही, गादी मावते. आतली खाट मी मोडक्या पायाला दिली, कारण पाय मास्क काढत नाही."

"मग हे तेव्हाच सांगायचं ना."

"तेव्हा मी सुई लावत होते. आणि नंतर तुम्ही विचारायला आला नाहीत, फोटो छापून आणलात."

तिला शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण शरमेला आत्ता वेळ नव्हता. "परत खाली घ्या त्यांना," ती म्हणाली.

"मी कोण घेणार? साहेबांना भेटा."

अधीक्षक साहेबांनी ऐकून घेतलं आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. "अहो बाई, तुमच्या वडिलांना जमिनीवरून उचलण्यापायी तीन-चार दिवस माझी झोप उडालीय. आणि तुम्ही म्हणता, परत खाली ठेवा." तिने पत्रकाराला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, आमचीच बातमी आम्ही कशी खोडायची? आठ दिवस दम धरा, निवडणूक होऊ दे." बाबांच्या फुप्फुसांना निवडणुकीचं वेळापत्रक कुणी सांगायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला साहेबांनी स्वतःहून बोलावलं. आवाजात साखर. शेजारी कडक इस्त्रीतला एक माणूस, मंत्र्यांच्या कार्यालयातला. टेबलावर टाइप केलेला कागद तयार. 'माझ्या वडिलांना माझ्याच विनंतीवरून जमिनीवर गादी देण्यात येत आहे. येथील व्यवस्थेबद्दल आम्ही पूर्ण समाधानी आहोत. प्रसिद्ध झालेला फोटो गैरसमजातून काढला होता.'

तिने दोनदा वाचलं. पहिलं वाक्य खरं होतं. तिसरंही, नाही म्हणायला, खरंच. मधलं धडधडीत खोटं.

"मधलं काढा," ती म्हणाली.

"मग कागद पुढे जात नाही," इस्त्रीवाला म्हणाला. "तुम्ही विचार करा. काही घाई नाही."

घाई त्याला नव्हती. चार वाजायला पाच तास होते, आणि पाच तासांत मास्क किती वेळा निघेल याचा हिशोब तिने मनात केला. सही केली. हात जरासुद्धा थरथरला नाही, आणि त्याचाच तिला पुढे कितीतरी दिवस राग येत राहिला.

बाराच्या आत बाबा टेबलाजवळच्या गादीवर आले. संध्याकाळी तिची सही सगळ्या वाहिन्यांवर होती. डेपोत बायकांनी जेवताना डबे उचलले आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसल्या. विरोधकांनी तिला फितूर ठरवलं. लेकच समाधानी आहे म्हटल्यावर सहा नर्सचं घोंगडंही भिजत पडलं. सिस्टरने हे सांगितलं ते काल पंखा बंद पडला म्हणावं इतक्या साध्या आवाजात, आणि सांगता सांगता हात लांबवून बाबांचा मास्क सरळ केला. बाबांच्या ओठांना रंग आला होता.

तिसऱ्या दिवशी चार वाजता एक बाई तिला शोधत वॉर्डात आली. तिच्या नवऱ्याला चार दिवस जिन्याखाली बाकड्यावर ठेवलं होतं. बाबांनी सोडलेली खिडकीजवळची खाट आता त्याला मिळाली होती. बाईने तिचे दोन्ही हात हातात घेतले. "लोक काय वाटेल ते बोलोत," बाई म्हणाली. "तुम्ही खाट सोडलीत म्हणून आमची सोय झाली. तुमचे उपकार कसे फेडू?"

"त्यांना काय झालंय?" तिने विचारलं.

"दम लागतो. नळी लावलीय नाकाला. झोपेत ओढून काढतात, लहान पोरासारखे," बाई कौतुकाने म्हणाली.

तिने बाईला बाकावर बसवलं आणि सगळं सांगितलं. मास्क, ओठ, चाळीस खाटांना एक नर्स, चार ते सहा, सगळं. बाईचा चेहरा बोलता बोलता उतरत गेला.

"मग आम्हीही देतो लिहून," बाई म्हणाली. "कुठे सही करायची ते दाखवा फक्त. यांनाही इथेच खाली घ्या, या टेबलाशी."

सिस्टरने मान वर करून आधी बाईकडे पाहिलं, मग तिच्याकडे. टेबलाशेजारी जागा एकाच गादीची होती, आणि त्या गादीवर तिचे बाबा शांत झोपले होते.