उलटा छापलेला कोळी

संपादकपद गेल्याचं तिला थोरल्या भावानं फोनवर सांगितलं, तेही जेवण झालं का विचारावं अशा सुरात. तेव्हा तिच्यासमोर पुढच्या अंकाची प्रूफं पसरलेली होती आणि हातात भिंग होतं.

"कंपनीचं म्हणणं, तू फार लेख परत पाठवतेस," दादा म्हणाला. "आता सगळं ऑनलाइन झालंय, वेग लागतो. मला बसवतायत तुझ्या जागी. आडनाव तेच राहील, वाचकांना काय फरक पडणार?"

आठ पायांच्या कोळ्यांच्या अभ्यासाचं ते जर्नल वडिलांनी घरच्या जेवणाच्या टेबलावर सुरू केलं होतं. त्यांच्यामागे ते तिनं चालवलं. विद्यापीठातलं शिकवणं सांभाळून, बिनपगारी, रक्ताचं पाणी करून. नोंदणी मात्र थोरला म्हणून दादाच्या नावावर. दादा निवृत्त प्राचार्य. प्राणिशास्त्र शिकवायचा, पण सूक्ष्मदर्शकाखाली शेवटचा कोळी कधी घेतला होता ते त्यालाही आठवलं नसतं. त्यानं जर्नल एका बड्या प्रकाशन कंपनीला विकलं आणि तिला सांगितलं सह्या झाल्यावर. तेव्हा ती गप्प बसली होती, कारण संपादन तुझ्याकडेच राहील असा त्यानं शब्द दिला होता.

या फोनवरही ती फक्त "बरं" म्हणाली. पण डूख धरला तो तिथून.

सल्लागार मंडळातल्या सगळ्यांनी तिच्यापाठोपाठ राजीनामे दिले. विद्यापीठाच्या ग्रंथालयानं आपल्या संगणकावर जागा दिली आणि तिनं मंडळासह नवं जर्नल काढलं. लेखकानं फी भरायची नाही, वाचकानंही नाही. लोक म्हणाले, चांगली जिरवलीस. तिला मात्र कुणाचं काही जिरलंय असं वाटेना. दादाच्या नावाखाली अजून 'प्रमुख संपादक' झळकत होतं.

मग एका दुपारी दादानं तिला एक फोटो पाठवला आणि मागोमाग फोन केला.

"बारके, नवी जात सापडल्याचा लेख आलाय. लेख तपासणाऱ्या परीक्षकानं वाहवा केलीय. तू एकदा नजर टाकतेस?"

"परीक्षक कुठून आणलास?"

"लेखकानंच सुचवला. माझ्या ओळखीचं उरलंय कोण आता?"

तिनं फोटो उघडला. तपकिरी मादी, तिसरा डावा पाय सांध्यापाशी तुटलेला. हीच मादी तिनं आदल्या वर्षी पाहिली होती, भलत्याच लेखकांच्या निबंधात, भलत्याच नावानं. तिथं तुटका पाय उजवा होता. चित्र आरशात धरल्यासारखं उलटवलं होतं, इतकंच. पोटावरचा ओरखडासुद्धा तसाच. असे तयार लेख बाजारात मिळतात. आपलं नाव घालायचं आणि पाठवायचं. हे ओळखायला तिला भिंगही लागलं नाही.

जिभेवर आलेलं तिनं गिळलं.

"मी आता संपादक नाही, दादा. तुला योग्य वाटेल ते कर."

"म्हणजे ठीक आहे ना?"

"तू प्राचार्य होतास. तुला मी काय सांगायचं?"

तो खूश झाला. लेख छापून आला. आणि एकदा दार उघडं सापडल्यावर ते लेख विकणारे कशाला थांबतायत? अंक फुगत गेले. तीच मादी कधी आडवी व्हायची, कधी हिरवट रंगवलेली असायची. ती प्रत्येक अंक उघडायची, नवा फोटो जुन्याशेजारी लावायची आणि ठेवून द्यायची.

"अगं, सांगून टाक की त्याला," नवरा एकदा म्हणाला. "भाऊ आहे तुझा."

"विकताना त्याला बहीण आठवली होती?"

"आणि बाबांचं जर्नल?"

तिनं पुढचा अंक उघडला. तिला अजून पिकू द्यायचं होतं.

पुरेसं पिकल्यावर तिनं फोटोंच्या सगळ्या जोड्या एका संस्थेकडे पाठवल्या. जगभरच्या मान्य जर्नलांची यादी ही संस्था ठेवायची. खाली तिनं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. यादीतून जर्नल उडालं. यादीबाहेरच्या जर्नलातला लेख प्राध्यापकांच्या बढतीला चालत नाही, तेव्हा लेख यायचेच थांबले. कंपनीनं काखा वर केल्या. संपादकाच्या निष्काळजीपणामुळे प्रकाशन बंद करत आहोत, असं कंपनीनं जाहीर केलं, दादाचं नाव घालून.

दादा घरी आला तो बस म्हणायची वाट न बघता खुर्चीत बसला.

"तुला माहीत होतं. मी पहिला फोटो पाठवला तेव्हाच."

"हो."

"मग एका शब्दानं बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू वाचला असतास."

जुने सहकारी आता आपल्याला बघून रस्ता बदलतात, असं तो सांगू लागला. तिनं मध्ये तोंड घातलं नाही. तिला ते पुरतं ऐकायचं होतं, आणि ऐकताना मनापासून बरं वाटत होतं.

"आणि बाबांचं काय?" तो शेवटी म्हणाला. "कंपनी साइटच बंद करतेय. जुने अंकही त्यातच. बाबांचे लेख, त्यांनी हातानं काढलेली चित्रं. हक्क सगळे कंपनीकडे. आपण पुन्हा छापायचे नाहीत, कुठे ठेवायचेही नाहीत."

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. कपाटात बांधीव अंक होते, पण कपाटातले अंक घरचीच माणसं बघणार. तिनं एक अंक काढून टेबलावर ठेवला. नवऱ्यानं चहा आणून ठेवला. दादानं कप उचलला, पण प्यायला नाही.

"करार आहे तुझ्याकडे?" तिनं विचारलं.

"आहे. कशाला?"

"काय काय विकलंस ते वाचायचंय मला. उद्या घेऊन ये. कंपनीला मी अशी सोडणार नाही."

त्याचा चेहरा जरा उजळला. "म्हणजे आपण दोघं मिळून..."

"दोघं नाही," ती म्हणाली. "करार दे आणि जा."