गौतमचंदशेठांची मोटर गाडीतळावर

पेठेत गाडी आणायची नाही, हा नियम गौतमचंदशेठांनीच करून घेतला होता. एका बाजारच्या दिवशी डोंगराकडून आलेल्या बैलांनी त्यांच्या दुकानापुढच्या सरकीच्या पोत्यात तोंड घातलं आणि शेठ ओरडत बाहेर येईपर्यंत निम्मं पोतं फस्त केलं. शेठ गावचे पंच. पुढच्याच बैठकीत त्यांनी ठराव मांडला : कोणतंही वाहन पेठेत यायचं नाही, सगळ्यांनी नाल्यापलीकडच्या गाडीतळावर सोडायचं. ठराव मंजूर झाला. गाडीवाल्यांना कोणी विचारलंच नाही.

वर्षभरानं शेठांनी सुरतेहून मोटर आणली. काळी, कापडी टपाची. गावातली ही पहिलीच मोटर, त्यामुळे भोंगा वाजला तसा सगळा बाजार रस्त्यावर आला. पेठेच्या तोंडाशी सरपंच रतिलाल दोन्ही हात पसरून उभे होते.

"शेठ, आठे नको. गाडीतळवर लई जा."

"रतिलालभाऊ, ही मोटर शे!"

"मंग मोटर काय वाहन नही शे का?"

लोक खो खो हसले. शेठांचे कान लाल झाले, पण ठराव त्यांचाच होता. त्यांनी ड्रायव्हरला मोटर मागे घ्यायला सांगितली.

घरी त्यांची बायको रूपकंवर आरतीचं ताट घेऊन उभी होती. मारवाडातून लग्न होऊन आल्यापासून ती पेठेतून कधी चालली नव्हती. कुठं जायचं तर मागच्या बोळातून पडद्याची दमणी, हलकी बैलगाडी, दाराशी यायची. त्या बोळात बैल कसेबसे मावत. मोटर शिरणं शक्यच नव्हतं.

"आता ओवाळायचं कसं?" तिनं विचारलं.

"राहू दे ओवाळणं," शेठ फणकारले.

"नव्या गाडीला ओवाळायचं नाही? असं कसं?" रूपकंवरनं घूंघट पुढे ओढला, ताट पदराखाली धरलं आणि समोरच्या दारानं बाहेर पडली. शेठ घाईघाईनं मागून निघाले.

भर बाजारातून ती चालत गेली. मिरच्यांच्या राशीपाशी तिला शिंक आली. बांगड्यांच्या दुकानापाशी पाय आपोआप मंदावले. नाला ओलांडून गाडीतळावर पोचली तेव्हा मोटर बैलगाड्यांच्या रांगेत उभी होती आणि एक बैल तिचा दिवा चाटत होता.

ओवाळून झालं. शेठ म्हणाले, "बस आता, एक फेरी मारू." ड्रायव्हरनं हँडल फिरवलं. मोटर खोकली आणि गप्प झाली. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. ऊन चढत चाललं.

निंबाखाली चुलीपाशी एक बाई भाकरी थापत होती. डोंगराच्या पायथ्याच्या गावातल्या इंद्रसिंग गाडीवाल्याची बायको, कालीबाई. तिनं हाक मारली, "सेठाणी, उनमा कसाले उभी? आठे बठ."

रूपकंवरनं शेठांकडे पाहिलं. ते मोटरीच्या तोंडात डोकं घालून उभे होते. ती सावलीत जाऊन बसली. कालीबाईनं मूठभर चारोळी तिच्या ओंजळीत ठेवली आणि विचारलं, "तुन्हं गाव कोठे शे?"

हा प्रश्न तिला इतक्या वर्षांत कोणी केला नव्हता. ती आपल्या गावाबद्दल बोलत सुटली : वाळू, विहिरी, उंटांच्या रांगा. कालीबाईनं उंट पाहिला नव्हता. रूपकंवरनं मान लांब करून उंट कसा चालतो ते दाखवलं तशी कालीबाई पोट धरून हसली. मोटर सुरू झाली तेव्हा रूपकंवरला उठावंसंच वाटेना.

मोटरीचा मुक्काम गाडीतळावरच पडला. इंद्रसिंगनं बांबूचा मांडव घालून वर सागाची पानं पसरली. आणि दर बाजारच्या दिवशी रूपकंवरला कुठंतरी जायचं असायचं. कधी देवदर्शन, कधी नात्यातलं कोणी आजारी. काहीच नसलं तर मोटर पुसली की नाही ते पाहायला.

शेठांना मात्र तो अपमान पचला नव्हता. पंचांना एकेक करून भेटून त्यांनी नवा ठराव जमवला : बैलगाड्या तळावरच, मोटरीला पेठ मोकळी. बैठकीच्या दिवशी जेवताना त्यांनी मोठ्या आनंदानं ही बातमी सांगितली.

रूपकंवरनं वाढता वाढता हात थांबवला. "मग इंद्रसिंगच्या गाडीलाही मोकळी करा."

"ती कशी करू? पुन्हा सरकी खातील."

"तर मोटरही तिथंच राहू द्या. दाराशी आली तर मी बसणार नाही."

"अगं, तुझ्याचसाठी तर! उन्हातून चालावं लागतं तुला."

"मला चालायला आवडतं," ती म्हणाली. असं काही ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. "तिथं माझ्याशी बोलायला माणूस आहे."

शेठांनी आणखी एक फुलका मागितला.

बैठकीत त्यांनी ठराव मागे घेतला आणि त्याऐवजी गाडीतळावर बैलांसाठी पाण्याचा हौद मागितला. रतिलालांनी चकित होऊन विचारलं, "शेठ, काय व्हयनं?"

"गाडीवाल्यांना तेव्हा विचारायचं राहिलं होतं," शेठ म्हणाले.

पुढच्या बाजाराला रूपकंवर थोडी लवकर निघाली. बांगड्यांच्या दुकानापाशी या वेळी ती थांबली, बसली, आणि कालीबाईला कोणता रंग शोभेल यावर दुकानदाराशी मनसोक्त वाद घातला. शेठ छत्री धरून बाजूला उभे होते.