शेवटच्या दृश्याची साक्ष

बोलतोय तो एक चष्मा. तपकिरी चौकट, डावी दांडी किंचित सैल, नाकावर टेकायच्या जागी रंग उडालेला. आता मला फारसं कुणी उचलत नाही. टेबलावर पवित्र शास्त्राशेजारी, म्हणजे बायबलशेजारी, पडून असतो, त्यामुळे सांगायला फुरसत आहे.

एका अरुंद दुकानात माझा जन्म झाला. चष्मेवाल्याने काचा घासून चौकटीत बसवल्या, फुंकर मारली आणि मला एका उंच, किडकिडीत गृहस्थांच्या नाकावर ठेवलं. तेच माझे मालक. शाळेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना सर म्हणत. त्यांनी दुकानाबाहेर पाहिलं. समोरच्या भिंतीवर नव्या चित्रपटाचं पोस्टर होतं. त्यावरची सगळ्यांत बारीक अक्षरं, अगदी वेशभूषा करणाऱ्यांच्या नावापर्यंत, त्यांनी मोठ्याने वाचली आणि म्हणाले, "जमलं." मी सुखावलो. आपण साध्यासुध्या नाकावर आलेलो नाही, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

सर चर्चच्या साप्ताहिकात चित्रपटांवर लिहीत. सकाळी चहा निवून जाईपर्यंत ते माझ्यातून सिनेमाच्या बातम्या वाचत: कोणता चित्रपट लागतोय, कोणता अडकलाय, कोणत्या नटाने माफी मागितली, कोणत्या दिग्दर्शकाने मागायला साफ नकार दिला. शुक्रवारी पहिला खेळ ठरलेला. चर्चच्या मंडळीतल्या बऱ्याच जणांना एवढंच हवं असे, की मुलांना न्यावं की नाही. काहींना शिव्या किती आणि मिठ्या किती, याचा आकडा हवा असे. "मोजायला मी काय टोलनाक्यावर बसलोय?" सर म्हणत. ते बघत ते वेगळंच. पडद्यावरच्या माणसाला, वाईटातल्या वाईट माणसालाही, देवाचं लेकरू म्हणून पाहिलंय, की नुसतं वापरून घेतलंय?

एकदा पोस्टरवर एक लबाड पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होता. मंडळीतले चौघे तावातावाने घरी आले, निषेधाच्या पत्रकावर सरांची सही मागायला.

"पाहिलात तुम्ही?" सरांनी विचारलं.

"असलं काय पाहायचंय?"

"मग आधी तिकीट काढा. निषेध कुठे पळून जातोय?"

सरांनी तो पाहिला आणि लिहिलं, की यातला पाळक आपल्याला आवडणार नाही, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. त्यानंतर कितीतरी दिवस लोक त्यांच्याशी तुटक बोलत. पण त्यांचं सदर मात्र आधी वाचत.

सरांची एक सवय मला फार आवडायची. थिएटरचे दिवे मंद झाले की ते मला काढत, रुमालाच्या कोपऱ्याने पुसत आणि पुटपुटत, "प्रभू, जे आहे ते दिसू दे." मग मला पुन्हा लावत. ती प्रार्थना अर्धी माझीच आहे, असं मी धरून चाललो होतो.

पुढे माझ्या काचा बदलल्या. मग आणखी जाड काचा आल्या. तरी सर मला काढून काढून पुसत, जणू धूळ माझ्यावरच आहे. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सर, चष्म्याचा दोष नाही. डोळाच आतून झिजलाय. कडेकडेचं दिसेल, मधलं जात राहील." माझा दोष नाही, हे ऐकून मला क्षणभर हायसं वाटलं. मग सरांचा हात माझ्या दांडीवर आला. त्यांनी मला काढून पुन्हा एकदा पुसलं, आणि मला माझीच लाज वाटली.

मधलं दिसत नाही म्हणजे चेहरे दिसत नाहीत. पडद्याच्या कडेचं झाड दिसायचं, पण रडणारी बाई दिसायची नाही. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सदर गेलं तर आपण उरतो कुठे, ही भीती त्यांना होती. मग त्यांच्या पत्नी, माझ्या मालकीणबाई, त्यांच्यासोबत येऊ लागल्या. शेजारच्या खुर्चीत बसून त्या कानात सांगत, "अहो, ती खिडकीशी उभी आहे. आता वळली. हसतेय, पण खोटं." मन लावून सांगायच्या बिचाऱ्या. त्यांना मुळात सिनेमाची आवड नव्हती. मारामारी आली की त्या डोळे गच्च मिटून घेत. हे सरांना दिसायचं नाही. मला दिसायचं.

मग तो चित्रपट आला. एका बापाचा मुलगा गाडीखाली जातो. शेवटी बाप त्या ड्रायव्हरच्या घरी जातो. आता हा त्याचा जीव घेणार, या धास्तीने मालकीणबाईंनी डोळे मिटले. पडद्यावर कुणीतरी रडू लागलं. डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "अहो, माफ केलं त्याने."

मी शेवट पाहिला होता. तसं काही झालं नव्हतं. पण काचेला तोंड नसतं. डोळ्यांपुढे असून मी मुका होतो.

सरांनी मनापासून लिहिलं, की क्षमा कशी असते हे पाहायचं असेल तर हा चित्रपट चुकवू नका.

आठवड्याने शिवणमावशी घरी आल्या. त्यांचं कपडे शिवण्याचं दुकान होतं. सरांच्या कोटाचं अस्तर बदलून आणलं होतं. मावशींचा एकुलता एक मुलगा वर्षापूर्वी सामान पोचवणाऱ्या गाडीखाली गेला होता. ती गाडी चालवणारा त्यांच्याच गल्लीच्या टोकाला राही. पाळकसाहेबांपासून शेजारणीपर्यंत सगळे मावशींना सांगत होते, आता माफ करून टाका.

कोट खुर्चीवर ठेवून त्या उभ्याच राहिल्या. "सर, तुम्ही लिहिलंत म्हणून गेले होते. सगळे माफ कर म्हणतात. ते करतात कसं, ते कुणी सांगत नाही. म्हटलं, एकदा बघून यावं." त्यांनी कोटाची बाही सरळ केली. "तो माफ करत नाही हो. मी दिवे लागेपर्यंत बसले. मला वाटलं, पुढे असेल."

सरांनी बायकोच्या दिशेने मान वळवली. मालकीणबाईंना रडू फुटलं. "मी डोळे मिटले होते," त्या म्हणाल्या.

मग सरांनी मला काढून टेबलावर ठेवलं. "मावशी, मला दिसत नाही," ते म्हणाले. "तुमचा चेहराही मला दिसत नाहीये. न पाहिलेल्याची साक्ष दिली मी, आणि तुम्हाला दिली." इतक्या वर्षांत त्यांचा आवाज इतका लहान झालेला मी ऐकला नव्हता.

मावशी रागावून जातील असं मला वाटलं. त्या खाली बसल्या. मग म्हणाल्या, "चला माझ्यासोबत. मी सांगते काय आहे ते."

पुन्हा तेच थिएटर. सरांच्या एका बाजूला मालकीणबाई, दुसऱ्या बाजूला मावशी. सरांनी मला पुसलं, पण प्रार्थना या वेळी मावशींनी ऐकली. शेवट आला तेव्हा मावशींनी डोळे मिटले नाहीत. एकेक टाका घालावा तसं त्या सांगत गेल्या. "ड्रायव्हर रडतोय. खुर्ची पुढे करतोय. हा बसत नाही. काहीच बोलत नाही. आता वळला. बाहेर आला." मग त्यांनी सरांची बाही धरली. "सर, त्याने दार आपटलं नाही. हळू ओढून घेतलं."

पाळकसाहेब म्हणाले होते, "छोटीशी दुरुस्ती छापू. डोळ्यांचं कशाला काढता?" सरांनी ऐकलं नाही. त्यांनी सांगितलं, मालकीणबाईंनी लिहून घेतलं: मला दिसत नाही, मी ते लपवलं, आणि एका आईला नसलेली वाट दाखवली. त्याखाली मावशींनी पाहिलेला शेवट, त्यांच्याच शब्दांत. ते सरांचं शेवटचं सदर.

तेव्हापासून मी टेबलावर आहे. बातम्या मालकीणबाई वाचून दाखवतात, सर अजूनही वाद घालतात. मला आणखी कुणाच्या नाकावर जायचं नाही. तुमच्या नाकावर माझा एखादा भाऊबंद असेल, तर एवढंच मागणं आहे. त्याला पुसा, आणि भीती वाटली तरी डोळे मिटू नका. कुणीतरी तुमच्या सांगण्यावर निघालेलं असतं.

परवा संध्याकाळी मावशी आल्या. बाहीला दोरे चिकटलेले.

"जाऊन आले त्याच्याकडे," त्या म्हणाल्या. "माफबिफ काही म्हणाले नाही. बसलेही नाही."

सरांनी चाचपडत मला उचललं, रुमालाच्या कोपऱ्याने पुसलं आणि डोळ्यांवर चढवलं. "सांगा," ते म्हणाले. "दार कसं होतं?"

"हिरवं. खालून फुगलेलं. जोर लावल्याशिवाय लागत नाही." मावशींनी डोळ्यांना पदर लावला. "तरी मी आवाज होऊ दिला नाही."