अर्धी जोडी

फळ्याची डावी बाजू भरलेली, उजवी कोरी.

बाकाखाली एक दात.

"'टेरिटोरियल'चं लग्न 'इंटिग्रिटी'शी लागलंय. दुसऱ्या कुणाशी त्याचा संसार मांडलात, तर परीक्षक घराबाहेर काढेल." थोड्या वेळापूर्वी बाई इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या जोड्या शिकवत होत्या.

आदल्या सकाळी रेडिओवर घोगरा आवाज: या परक्या फौजेनं आमची सॉव्हरिन्टी व्हायोलेट केली आहे. इंग्रजीत, साऱ्या जगाला कळावं म्हणून.

दात क्लासवाल्या बाईंचा. दुभाष्याच्या परीक्षेला बसणारी मोठी माणसं त्यांच्याकडे शिकायची. शिंपी, नर्स, टायपिस्ट. परक्या फौजेचा कॅप्टन आधी खिडकीबाहेर उभा राहून धडा ऐकत होता, मग दोन शिपाई घेऊन आत घुसला. रेडिओवरचा माणूस इथेच शिकतो, एवढा सुगावा त्याला लागला होता. आवाज ठाऊक होता, चेहरा नाही.

तो माणूस मधल्या बाकावर बसला होता. बाईंचा धाकटा दीर.

"एकेकानं नाव सांगा."

दिरानं आवाज बारीक करून सांगितलं. कॅप्टन पुढे सरकला. बाईंचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच बंदुकीचा दस्ता त्यांच्या तोंडावर बसला.

"कोण तो?"

बाई रक्त थुंकल्या. "मला काय विचारता? माझं कुणी ऐकत असतं तर सगळे पास नसते झाले?"

दुसरा तडाखा बरगड्यांवर. त्या फरशीवर कोसळल्या. दीर अर्धवट उठला. बाईंनी खालूनच डोळे वटारले, तसा खाली बसला.

कॅप्टननं टेबलावरचं डस्टर उचललं. बाईंची रीत त्यानं खिडकीतून टिपली होती: डस्टर आपटायचं, अर्धी जोडी म्हणायची; उरलेली अर्धी वर्गानं विचार न करता ओरडायची.

खाड्! "टेरिटोरियल!"

"इंटिग्रिटी!"

सवयीनं अख्खा वर्ग ओरडला. त्यात एक आवाज घोगरा, भरदार, मोकळा.

कॅप्टननं डस्टरनंच मधल्या बाकाकडे खूण केली.

शिपायांनी दिराला केसांना धरून ओढलं. बाईंनी एकाचा बूट घट्ट धरला. दुसऱ्या बुटाखाली त्यांची बोटं चिरडली.

"वहिनी," दारातून तो म्हणाला, "कान झाका."

बोटं वळत नव्हती. खिडकीखालच्या भिंतीशी झाडलेल्या दोन्ही गोळ्या त्यांनी ऐकल्या.

दिराला त्या दिवशी क्लासला यायचंच नव्हतं. घरी एकटा सापडलास तर संशय घेतील, म्हणून बाईंनीच त्याला दंडाला धरून आणलं होतं.