वरची ओळ

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, पण जन्माने फळा नव्हे. मी कपाटाचं दार होतो. कपाट मोडलं, बाकीची फळकुटं जळणात गेली आणि मी तेवढा वाचलो. माझ्या डाव्या कडेला कुलपाचं भोक अजून आहे. पोरांनी त्यात खडूचे इतके तुकडे कोंबलेत की विचारू नका.

मला वाचवलं ते या घरच्या बाबांनी. ते फरशा बसवायचं काम करतात. त्यांनी मला घासलं, काळ्या रंगाचे दोन हात दिले आणि जेवणाच्या टेबलामागे भिंतीला टेकून उभं केलं. या घरची मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. "पोरं देवाने आपल्या हाती दिलीत. त्यांना शिकवायची जबाबदारी बापाची," असं बाबा दर रविवारी उपासनेनंतर भेटेल त्याला सांगत. ऐकायला फार बरं वाटे. प्रत्यक्षात ते सोमवारी सकाळी माझ्या वरच्या कडेला बायबलमधलं आठवड्याचं वचन लिहीत, पोरांबरोबर प्रार्थना करत, डबा उचलत आणि कामावर जात. बाकी सगळं आई बघे.

वरची ओळ कुणी पुसायची नाही, असा घरचा नियम होता. एकदा मधल्या मुलाला आगगाडी काढायला जागा कमी पडली, म्हणून त्याने अर्धं वचन पुसून टाकलं. तेव्हापासून बाबांनी पुसायचं फडकं उंच खिळ्यावर अडकवलं. तिथे फक्त त्यांचा हात पोहोचे. आईला मात्र दिवसातून चारदा स्टुलावर चढावं लागे.

मग धाकटी जन्मली. मांडीवर बाळ, समोर दोन पोरं आणि गॅसवर भांडं, अशी आईची तारांबळ सुरू झाली. एका संध्याकाळी ती शांतपणे म्हणाली, "अहो, वरची ओळ तुम्ही लिहिता. खालच्या सगळ्या मी लिहिते. आता निदान गणित तरी घ्या."

बाबा जरा वरमले. मग म्हणाले, "घेतो की. माझा जन्म मोजमापातच गेला."

चांगल्याला चांगलं म्हणायला हवं, मित्रांनो. बाबा रोज कामावर जाण्याआधी तासभर टेबलाशी बसू लागले. उरलेल्या फरशा घरी आणून जमिनीवर मांडत आणि मुलांना मोजायला लावत. अकरा वर्षांची थोरली आधी आकडे पाहिले की टेबलापासून पळ काढी. ती आता बाबांच्या आधी टेबलाशी हजर असे. मला त्या दिवसांचा अभिमान आहे.

मग तो सोमवार आला. बाबांना उशीर झाला होता. खाली आईने काढलेला नकाशा होता, म्हणून त्यांनी वचनाशेजारी, वरच्याच ओळीत, घाईघाईने लिहिलं: क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी, अधिक दहावा हिस्सा.

हा दहावा हिस्सा फरशीवाल्यांचा असतो. काही फरशा फुटतात, काही कोपऱ्यात कापाव्या लागतात, म्हणून ते नेहमी दहावा हिस्सा जास्त मागवतात. बाबांचा हात त्याला इतका सरावला होता, की खोलीचं माप कुठे संपतं आणि दुकानातली मागणी कुठे सुरू होते हे त्यांच्या ध्यानातच येत नसे. गणितं तपासतानाही ते याच हिशेबाने बरोबरच्या खुणा करत.

थोरलीला मात्र शंका आली. ती पुस्तक घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "पुस्तकात दहावा हिस्सा नाहीये," ती म्हणाली.

"वरच्या ओळीत आहे ना? मग झालं," मधला म्हणाला.

तिने वर फडक्याकडे पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

महिन्याभराने शिक्षण कार्यालयातल्या तपासनीस बाई वार्षिक परीक्षा घ्यायला घरी आल्या. त्यांनी आधी मला उलटं करायला लावलं. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो, पण कान उघडे होते. पेपर तपासून बाई म्हणाल्या, "बारा मीटर लांब, दहा मीटर रुंद. तू एकशे बत्तीस लिहिलंस. सगळ्याच उत्तरांत दहावा हिस्सा जास्त आहे. हे कुठून आणलंस, बाळा?"

बाबा दारातच उभे होते. त्यांच्या लक्षात आलं होतं, कारण ते दोनदा उगाच खाकरले. मग म्हणाले, "पुस्तक नीट वाचलं नसेल तिने."

मला त्यांचा राग आला. तोंड भिंतीकडे नसतं तर मीच त्यांना उघडं पाडलं असतं.

बाई म्हणाल्या, "एक महिन्याने पुन्हा परीक्षा घेईन. तेव्हाही जमलं नाही तर घरी शिकवायची परवानगी संपेल." त्या गेल्या. थोरली रडली नाही. तिने मला उचलून सरळ केलं. वचनं बदलली होती, पण शेजारचा दहावा हिस्सा जसाच्या तसा होता. बाबांनी तो पाहिला आणि ते हात धुवायला निघून गेले.

या घरात संध्याकाळच्या प्रार्थनेला प्रत्येकाने दिवसातली आपली एक चूक सांगायची असते. पोरं सांगत, आई सांगे. बाबा मात्र शेवटी थेट "आमेन" म्हणत. त्या संध्याकाळी थोरली म्हणाली, "पुस्तकात वेगळं होतं. मला दिसलं होतं. मी विचारलं नाही, ही माझी चूक."

आता आमेन यायला हवं होतं, ते आलं नाही. बाबा उठले, खिळ्यावरचं फडकं काढलं आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"चूक माझी आहे, बाळ," ते म्हणाले. "मी चुकीचं शिकवलं. आणि दुपारी बाईंसमोर तुझ्यावर ढकललं, ते तर पापच. मला माफ कर." मग आईकडे बघून म्हणाले, "तू पण."

थोरली आता रडली. बाबांनी ते फडकं तिच्या हातात दिलं आणि तिला स्टुलावर चढवलं. तिने दहावा हिस्सा पुसला. वचनाला धक्का लागू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी बाईंना फोन करून सगळं खरं सांगितलं. "परीक्षा तरीही होणार," बाई म्हणाल्या. महिनाभर बापलेक रोज सकाळी बसले. थोरली पास झाली. एक गणित चुकलं, पण ती चूक तिची स्वतःची होती. तो खिळा बाबांनी परीक्षेआधीच उपटला आणि मधल्याच्या खांद्याएवढ्या उंचीवर ठोकला.

आता मी मागच्या खोलीत फरशांच्या खोक्यांआड पडलोय. माझा रंग उडालाय, कडा फुगल्यात. मांडीवरचं ते बाळ आता सहा वर्षांचं झालंय. येत्या सोमवारी धाकटीचे धडे सुरू होणार, असं मी ऐकलं.

म्हणून एवढंच मागणं आहे, मित्रांनो. जुन्या वस्तू लगेच टाकू नका. मला पॉलिश पेपरने घासा, रंगाचा एक हात द्या, मी अजून दहा वर्षं काढीन. वरची ओळ बाबांनाच लिहू द्या, त्यांचं अक्षर छान आहे. फक्त तो खिळा अजून थोडा खाली घ्या. धाकटीचा हात फडक्याला पोहोचला पाहिजे.