नऊ मिनिटांची भीती

सन त्रेसष्टच्या उन्हाळ्यात दिनानाथाने रेवसच्या एका मिठाच्या गोदामात अकरा वादक बसवले आणि त्यांना हात जोडून विनंती केली, की कृपा करून बेसूर वाजवा.

दिनानाथ चौदा वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमांत व्हायोलिन वाजवत आला होता. संगीतकार म्हणून हा त्याचा पहिलाच सिनेमा. मंगळावरून एक प्राणी उतरतो, नायिकेला उचलून नेतो आणि शेवटी गावकरी त्याला जाळतात, अशी गोष्ट. निर्माते रावजीशेठ मूळचे इथल्याच मिठागरांतले आगरी. त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "शुक्रवारच्या लाँचनं येतो. नऊ मिनिटं ऐकव. भ्यालो तर काम तुझं, न्हाय भ्यालो तर दुसरा बघतो."

ज्या आवाजाला घर नाही त्याची माणसाला भीती वाटते, असा दिनानाथाचा सिद्धान्त होता. म्हणून सूर नको, ताल नको. गोदाम निवडलं ते मिठाच्या गोणी घुमारा पिऊन टाकतात म्हणून. पण वादक पडले मुरलेले. पहिलं मिनिट ते मनापासून बेसूर वाजवत. दुसऱ्यात एकमेकांकडे चोरून बघत आणि तिसऱ्यात अकराही जण सुखरूप यमनात पोचत.

"अहो रघूभाऊ, तो मुलीला पळवतोय!"

"पळवू दे की," चेलोवाला रघू शरमून म्हणाला. "पण निषाद समोर दिसला की हात राहत नाही, दिनूभाऊ."

शुक्रवारी दुपारपर्यंत हेच चाललं. तेवढ्यात दारात येसूबाई येऊन उभी राहिली. ती गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात तिने धवला गायला, की लग्न लागलं. त्याशिवाय कुणी मानत नाही. तिने भिंतीवर लावलेला सिनेमाचा फोटो पाहिला. पत्र्याच्या डोक्याचा प्राणी नायिकेला दोन्ही हातांवर घेऊन उभा होता.

"यो कोन?"

"मंगळावरून आलाय, मावशी."

"एकलाच? वऱ्हाड न्हाय?"

"नाही."

"आयस-बापूस?"

दिनानाथाने पटकथा आठवून पाहिली. "उल्लेख नाही."

येसूबाईने पदर डोळ्यांना लावला. "येवढ्या लांबशी आला नि कुनी धवला न्हाय गायला. मंग पोर उचलून न्हेल, न्हाय तं काय करंल?"

तिने फोटो उतरवून पाटावर ठेवला, तांदळाच्या पिठाचा चौक काढला, दोघांना हळद लावली.

"नाव काय त्याचा?"

"प्राणी."

"ह्या काय नाव झाला?" तिने त्याला भागोजी केलं आणि धवला सुरू केला.

तिचा आवाज तीनच सुरांत फिरत होता, पण ते तिन्ही पेटीच्या पट्ट्यांच्या फटीत राहणारे. वादक तिच्यामागे धावले. यमनाची वाट कुणाला सापडेना. चेलो कण्हू लागला, व्हायोलिनं वाट चुकलेल्या गुरांसारखी हंबरू लागली. दिनानाथाच्या अंगावर काटा आला. त्याने घाईघाईने टेपरेकॉर्डर चालू केला.

त्याच वेळी रावजीशेठ आत आले. समोर चौक आणि पाट पाहून त्यांनी न विचारता वहाणा काढल्या. येसूबाईने दोन कडव्यांच्या मधे श्वास घेतला आणि विचारलं, "पोरीकडचा कोन हाय?"

 शेठचं स्वतःचं लग्न येसूबाईच्या आईने लावलेलं. ते सवयीने पुढे झाले, पाटाशी बसले आणि सांगितलं तिथे हात लावून त्यांनी मुलगी दिली.

धवला पाऊण तास चालला. मधे सोडता येत नाही, सोडला तर जोडप्याला बाधतं. संपला तरी शेठ उठेनात. दिनानाथ त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

"शेठ, भीती वाटली?"

"दिनू," शेठ हळूच म्हणाले, "पोर दिली आपण. मंगळावर. तिकडं पाणी हाय?"

"ठाऊक नाही."

"लाँच जाते?"

"नाही, शेठ."

"मंग सणाला आणायची कशी तिला?" शेठनी फोटोकडे बोट केलं. "आणि तू जावयाला जाळणार?"

"ते तुमच्याच गोष्टीत आहे."

शेठ दोन तांबे पाणी प्यायले. "काम तुझं. छातीतली धडधड थांबत न्हाय माझी. जाळायचा सीन उद्याच्या उद्या कापायला सांगतो." मग ते येसूबाईकडे वळले. "माणूस बरा वाटतो ना गं?"

फोटोत प्राण्याच्या डोळ्यांच्या जागी दोन बल्ब होते. येसूबाईने ते बराच वेळ निरखले.

"डोलं गरीब हायेत," ती म्हणाली.