पायांखालची काच

क्रेनच्या ऑपरेटरची मान दुखते, यात नवल ते काय? केबिन म्हणजे विसाव्या मजल्याच्या उंचीवर टांगलेली काचेची खोली, एका माणसापुरती. खुर्ची चांगली ऐसपैस, पाठीला टेका, दोन्ही हातांशी एकेक लिव्हर. पण त्या खुर्चीत टेकून बसायची सोय नाही, कारण काम सगळं खाली. दोन पायांच्या मध्ये जमिनीला काच बसवलेली असते. तिच्यातून हूक दिसतो, हुकाला लटकलेलं ओझं दिसतं आणि त्याच्याही खाली बोटभर माणसं दिसतात. हनुवटी छातीला लावून, पुढे वाकून, आठ-आठ तास त्या काचेत बघत बसायचं. बावीस वर्षं बसला होता तो तसा.

गेल्या वर्षात दुखणं मानेवरून खांद्यात उतरलं आणि खांद्यातून हातात. वाकून तास-दोन तास झाले की उजव्या हाताची बोटं बधिर व्हायची. एकदा सिमेंटची पोती नेताना लिव्हर हातातून सुटला. लिव्हर सुटला की क्रेन जागच्या जागी थांबते, आणि ओझं असा हिसका खातं की बघणाऱ्याने चार पावलं मागे सरावं. मुकादमाने वॉकीटॉकीवर त्याचा यथेच्छ उद्धार केला. "वारा आला अचानक," ऑपरेटर म्हणाला. वारा कसला डोंबलाचा! पान हलत नव्हतं त्या दिवशी. पण खरं सांगितलं असतं तर डॉक्टरी तपासणी, तपासणीत नापास, आणि मग उरलेली वर्षं गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या सह्या घेणं. म्हणून वाऱ्यावर ढकललं.

खाली हुकाला माल अडकवून इशारे देणारा माणूस त्याचा सख्खा मेहुणा. सहा फूट उंच, पस्तिशीचा, दोन मुलांचा बाप, आणि घरात नाव टिल्लू. आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा. मोठ्या बहिणीनेच त्याला कडेवर घेऊन वाढवलं. ती बहीण म्हणजे ऑपरेटरची बायको. टिल्लूला या साइटवर ऑपरेटरनेच चिकटवला होता, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "अहो, तुम्ही असणार ना वरून त्याच्याकडे बघायला? मग मला कसलीच काळजी नाही."

नवऱ्याला शर्टाची बटणं लावता येईनात तेव्हा मात्र तिने त्याला अक्षरशः ओढत व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तरुण, पण कडक.

"कामावर कसे बसता ते बसून दाखवा."

त्याने दाखवलं. बाईंनी कपाळावर हात मारला.

"काका, असे बसता? डोकं जितकं पुढे झुकतं तितकं मानेवर ओझं वाढतं. तुमची मान दिवसभर हमाली करतेय. पाठ टेकवा, कान खांद्यांच्या रेषेत आणा, नजर समोर."

"नजर समोर ठेवली तर मला ढग दिसतात, बाई."

"मग बघा की ढग!"

बायको खळखळून हसली, बाई हसल्या, तोही हसला. बाईंना खुर्ची कळली होती. पायांखालच्या काचेबद्दल त्यांना सांगायला हवं होतं, आणि ते सांगणारा माणूस तिथे होता तो एकटाच. त्याने चपला पायात सरकवल्या. घरी येताना बायकोने त्याच्याकडून टेकून बसायचं वचन घेतलं.

दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं टेकून बघितलं. समोरच्या पडद्यावर ओझ्याची उंची आणि अंतर आकड्यांत दिसतंच, आणि कानात टिल्लूचा आवाज असतो. "चालू द्या दाजी... चालू द्या... बास. आता हळूच खाली." उचलताना आणि ठेवताना टिल्लू मालाशीच उभा असतो, त्याला सगळं डोळ्यांसमोर दिसतं. राहता राहिला मधला प्रवास. तो तर नुसता हवेतला. खाली चांगला डोळस माणूस उभा असताना त्या प्रवासात वरून तरी काय बघायचंय? असा त्याने स्वतःशीच हिशोब मांडला, आणि पाच मिनिटांचा अर्धा तास झाला, अर्ध्या तासाचा अख्खा दिवस.

तीन आठवड्यांत मान मोकळी झाली. बोटं जागी झाली. गडी रात्री घोरायला लागला, सकाळी शीळ घालत शिड्या चढायला लागला. बायको तर शेजारणींना थांबवून सांगत होती. आता याला वाईट कोण म्हणेल?

एकच गोष्ट त्याला अधूनमधून टोचायची. पूर्वी मधल्या प्रवासात टिल्लू ओरडायचा, कोणाला तरी शिव्या घालायचा, "ए, हट तिथून," असं काहीतरी कानावर यायचं. हल्ली नुसतं "चालू द्या" यायचं, ठराविक वेळाने, एकाच सुरात. माणसं सुधारली असतील, असं म्हणून त्याने सोडून दिलं.

सुट्टीच्या दिवशी टिल्लू जेवायला आला. बहिणीने वाढता वाढता नवऱ्याची पाठ थोपटली.

"बघ तुझ्या दाजींकडे. कसे ताठ बसतात! नवरदेवच जणू."

"ताई, माझीपण दुखायची की मान," टिल्लू घास चावत म्हणाला. "दिवसभर वर बघून बघून. इथे मागे गाठच धरली होती. आता एकदम बरी आहे."

"अरे, मला बोलला नाहीस ते! काय औषध केलंस?"

"औषध कसलं? वर बघणंच सोडलं. दाजी बघतायत की वरून डोळ्यांत तेल घालून. एका ओझ्याकडे दोघांनी माना मोडून कशाला बघायचं? मी मनात वीसपर्यंत मोजतो आणि म्हणतो, चालू द्या."

"आळशी कुठला!" बहिणीने त्याच्या पाठीत लाडाने धपाटा घातला.

ऑपरेटरने हातातला घास ताटात ठेवला. दिवसाला तीस-चाळीस खेपा. तीन आठवडे. टनभर लोखंड माणसांच्या डोक्यांवरून गेलं होतं आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. हा नाही, तो नाही, कोणीच नाही.

त्याने तोंड उघडलं. समोर बायकोचा चेहरा होता, इतका खूश की बघवेना. सांगायचं म्हणजे हिला सांगायचं, की तुझ्या भावाकडे मी तीन आठवडे ढुंकून बघितलं नाही. आणि मग मानेचं निघणार, बोटांचं निघणार, तपासणी निघणार. त्यापेक्षा उद्यापासून बघायला लागू, की झालं. झालं तर काहीच नाहीये ना अजून? सांगून कोणाचं भलं होणार आहे?

बोलायची वेळ तीच होती. त्याने पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो वाकून बसला. तीन आठवडे आराम मिळालेली मान पहिल्या तासातच ठणकायला लागली. पण काचेतून त्याने जे बघितलं त्यापुढे ते ठणकणं काहीच नव्हतं. ओझ्याच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी दोरी बांधलेली असायची, ती गायब होती. प्लास्टरवाले तिथून बिनधास्त ये-जा करत होते. वर कोणीही बघत नव्हतं. कोणी ओरडत नाही म्हणजे धोका नाही, असं त्या सगळ्यांनी शिकून घेतलं होतं. ओझं नेताना तो जीव मुठीत धरून माणसं चुकवत राहिला. जेवणाच्या सुट्टीत खाली उतरून टिल्लूशी बोलायचं, असं आता त्याने पक्कं ठरवलं होतं.

बारा वाजायला आले. स्लॅब ओतताना खाली लावायच्या, सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटांची थप्पी दोन साखळ्यांत अडकवून टिल्लूने वर दिली. ऊन मी म्हणत होतं. थप्पी आडवी निघाली आणि तिची चौकोनी सावली खाली जमिनीवरून सरकायला लागली. ऑपरेटर टिल्लूला शोधत होता. माल उचलला तिथे तो नव्हता, ठेवायचा तिथेही नव्हता.

"चालू द्या, दाजी."

आणि मग तो दिसला. सावलीतच होता. त्या रखरखाटात साइटवर झाड नाही की छप्पर नाही, म्हणून टिल्लू प्लेटांच्या सावलीतून चालला होता. मान खाली, वॉकीटॉकी तोंडाशी, ना घाई ना गडबड. थप्पी पुढे जाईल तसा तो पुढे जात होता. रोज तसाच जात असणार, हे त्याच्या चालीवरूनच कळत होतं.

हळूच बाजूला घ्यायला हवं होतं, अगदी अलगद. पण सकाळपासून वाकलेल्या मानेने आपलं काम केलं होतं. बोटं कधीच मेली होती. लिव्हर हातातून निसटला, क्रेन ताडकन थांबली आणि थप्पी हेलकावली.

सावली टिल्लूच्या अंगावरून पुढे गेली, मागे आली. ती थांबली म्हणून तोही थांबला, आणि एक पाऊल मागे सरकून पुन्हा तिच्यात उभा राहिला.

"चालू द्या, दाजी," त्याच सुरात.

हिसक्याने एक साखळी सरकली होती. थप्पीचं एक टोक झुकलं.

"टिल्लू, पळ! पळ तिथून!"

"काय झालं, दाजी?"

"पळ रे! वर कोणी बघत नव्हतं! इतके दिवस मीपण बघत नव्हतो!"

नुसतं पळ म्हटलं असतं तर तो कदाचित पळाला असता. पण हे शेवटचं वाक्य ऐकून टिल्लू जागीच उभा राहिला. एक हात मानेमागे नेऊन, अवघडलेला माणूस करतो तसं सावकाश, त्याने तोंड वर केलं. वरून ऑपरेटरला त्याचा अख्खा चेहरा दिसला. पहिली प्लेट तेव्हा साखळीतून निघाली होती.